प्लेटिंगच्या पाण्यातलं निकेल खाणीतल्या झिओलाइटने निघेल का?

तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पुण्याजवळ तुमचं निकेल आणि झिंक प्लेटिंगचं छोटं युनिट आहे, थोडं क्रोमही चालतं. जॉब, म्हणजे प्लेटिंगचे नग, धुतल्याचं पाणी दिवसाला साधारण ३,००० लिटर, आणि लॅबच्या रिपोर्टात निकेल ४० मिलिग्रॅम प्रति लिटर. मामांची दगडखाण आहे. तिथे काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांमध्ये पांढरे-गुलाबी स्फटिक निघतात. हा झिओलाइट आहे, जड धातू शोषून घेतो, असं कुणीतरी सांगितलं. तो क्रशरवर फोडून टाकीत भरला तर ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेच्या, केमिकलचा खर्च वाचेल का, आणि तोच घरच्या बोअरला लावता येईल का, हे तुम्हाला हवंय.

४० मिलिग्रॅमच्या पाण्याला नाही. तेच पाणी आधी नीट प्रक्रिया करून १-२ मिलिग्रॅमपर्यंत आणलंत, तर त्यापुढे झिओलाइट फार चांगलं काम करतो, पण तोही मामांच्या खाणीतला नको. बोअरला सध्या काहीच लावू नका, त्याचं शेवटी सांगतो.

आता कारणं. मी अशा छोट्या युनिट्सच्या पाण्यावर बरीच वर्षं काम करतोय आणि 'नैसर्गिक खनिज' या शब्दाने माणसं कशी निश्चिंत होतात ते पाहिलंय. खनिज धातूला नाहीसं करत नाही. ते धातू पाण्यातून काढून स्वतःजवळ धरून ठेवतं, आणि योग्य कारण मिळालं की सोडूनही देतं. हे मनात पक्कं बसलं की पुढचे सगळे निर्णय बरोबर येतात.

झिओलाइट म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनची जाळी. सिलिकॉनच्या जागी जिथे जिथे ॲल्युमिनियम बसतो, तिथे जाळीवर एक ऋण भार उरतो. तो भार फेडायला जाळीच्या बोळांमध्ये सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम हे धन आयन सैलसर बसलेले असतात, पाण्याच्या रेणूंसकट. स्वीडनचे खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेट यांनी १७५६ साली असा दगड तापवला तेव्हा तो उकळल्यासारखा फसफसला. ते हेच आतलं पाणी. 'उकळणारा दगड' या अर्थाचं ग्रीक नाव तिथूनच आलं. बाहेरच्या पाण्यात शिसं किंवा निकेल असेल तर ते आत शिरतं आणि तेवढ्याच भाराचं सोडियम बाहेर पडतं. ही अदलाबदल आहे. स्पंज पाणी पितो तसं इथे होत नाही, म्हणून जागा किती, गिऱ्हाइकं किती आणि कुणाला आधी जागा मिळते, हे तीन प्रश्न विचारावेच लागतात.

कुणाला आधी जागा मिळते ते बघा. पाणी गाळायला जगभर जो झिओलाइट सर्वात जास्त वापरतात तो क्लिनोप्टिलोलाइट. त्याला सिझियम, पोटॅशियम, अमोनियम हे फार आवडतात. इंग्लंडमधल्या सेलाफील्डच्या अणुकेंद्रात १९८५ पासून किरणोत्सारी सिझियम आणि स्ट्रॉन्शियम धरायला हाच वापरतात. जड धातूंमध्ये तो शिसं सर्वात आवडीने घेतो. कॅडमियम, तांबं मधे येतात, आणि झिंक, निकेल बहुतेक वेळा रांगेच्या शेवटी. निकेलचा आयन आपल्याभोवतीचे सहा पाण्याचे रेणू फार घट्ट धरून ठेवतो. तो गराडा सोडल्याशिवाय त्याला अरुंद बोळात नीट बसता येत नाही, आणि सोडायला भरपूर ऊर्जा लागते. शिशाला तो गराडा सहज टाकता येतो. म्हणून बॅटरीच्या कामाच्या पाण्यातलं शिसं काढल्याचे सुंदर आकडे तुम्हाला कुणी दाखवले, तर ते तुमच्या निकेलला लावू नका. तुमचा धातू या दगडाला सर्वात कमी आवडणाऱ्यांपैकी आहे.

आता हिशेब मांडू. ३,००० लिटर गुणिले ४० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला १२० ग्रॅम निकेल. चांगल्या क्लिनोप्टिलोलाइटने खऱ्या पाण्यात, खऱ्या वेगात, ग्रॅममागे ३ मिलिग्रॅम निकेल धरलं तरी मी समाधान मानतो. प्रयोगशाळेत याच्या दुप्पट-तिप्पट येतं, कारण तिथे डिस्टिल्ड पाणी, एकच धातू आणि चोवीस तास हलवणं असतं. ३ मिलिग्रॅम धरले तर रोज ४० किलो दगड लागतो. महिन्याचे २५ दिवस धरले तर एक टन. आणि तो टन महिनाअखेरीस निकेलने भरलेला घातक कचरा असतो. चुना किंवा कॉस्टिकचा खर्च याच्यासमोर काहीच नाही.

आता हेच पाणी आधी पीएच वाढवून निवळलं, म्हणजे धातूचा गाळ करून तो खाली बसवला, आणि निकेल २ मिलिग्रॅमवर आणलं, तर दिवसाला ६ ग्रॅम उरतं. पाणी पातळ झालं की दगडाची पकडही कमी होते, म्हणून ग्रॅममागे १ मिलिग्रॅमच धरू. तरी रोज ६ किलो, महिन्याला १५० किलो. ३०० किलोचा एक बेड, म्हणजे ज्यातून पाणी जातं तो दगडाच्या दाण्यांचा थर, दोन महिने चालतो. हे परवडतं. बाहेर सोडायच्या पाण्यात निकेलची मर्यादा ३ मिलिग्रॅम आहे, मग २ वर आल्यावर पुढे कशाला, असं वाटेल. पण निवळण रोज सारखी होत नाही. कामगार नवा असतो, डोसिंग पंप अडकतो, डीग्रीझरचा, म्हणजे जॉबवरचं तेल काढायच्या द्रावणाचा, टब त्याच दिवशी रिकामा होतो, आणि आकडा ५ वर जातो. तो चढ झेलायला मागे बेड हवा. शिवाय तेच पाणी परत पहिल्या धुण्याला वापरायचं असेल तर बेडमधून काढलेलं पाणी बरं पडतं.

निवळण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण तुमचं ९५ टक्के निकेल इथेच निघणार आहे. निकेलचं हायड्रॉक्साइड पीएच १० ते १०.५ ला सर्वात कमी विरघळतं. झिंकचं ९ ते ९.५ ला, त्याच्या फार वर गेलात तर झिंक परत विरघळायला लागतं. क्रोमियमचं ८ ते ८.५ ला. तिन्ही पाणी एकाच टाकीत ओतून एकाच पीएचवर तिघांना खुश करता येत नाही, म्हणून निदान क्रोमची लाइन वेगळी ठेवा. आणि एक फार महत्त्वाची गोष्ट: पीएच १० वर निवळलेलं पाणी झिओलाइटला देण्याआधी ७ च्या आसपास खाली आणावं लागतं, पण ॲसिड टाकण्याआधी ते सँड फिल्टरमधून पूर्ण गाळून घ्या. गाळाचे हिरवट तुकडे पाण्यात तरंगत असताना ॲसिड टाकलंत तर तेच निकेल पुन्हा विरघळतं आणि मेहनत वाया जाते. ही चूक मी इतक्या ठिकाणी पाहिलीय की नवीन ईटीपीत शिरल्यावर आधी ॲसिडची नळी कुठे पडते ते बघतो.

क्रोमचं वेगळंच प्रकरण आहे. प्लेटिंगच्या टाकीतलं षट्संयुजी क्रोमियम पाण्यात क्रोमेट म्हणून, म्हणजे ऋण भार घेऊन फिरतं. झिओलाइटच्या जाळीवरही ऋण भारच आहे. दोघांचं जमणारच नाही. पिवळ्या पाण्यात कितीही दगड ओता, पाणी पिवळंच राहील. ते आधी पीएच २-३ ला सोडियम मेटाबायसल्फाइटने त्रिसंयुजी करायचं. एक भाग क्रोमियमला साधारण तीन भाग मेटाबायसल्फाइट लागतं. पिवळा-नारिंगी रंग जाऊन हिरवट आला की चुन्याने ८.५ पर्यंत न्यायचं. षट्संयुजीची मर्यादा ०.१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे इथे अंदाजपंचे चालत नाही. आणि तुमची झिंकची टाकी सायनाइडची असेल तर ती लाइन क्रोमच्या ॲसिडच्या जवळपासही आणू नका. सायनाइड आणि ॲसिड एकत्र आले की हायड्रोजन सायनाइड वायू निघतो. त्याने माणूस मिनिटांत मरतो.

तुमची झिंक टाकी अमोनियम क्लोराइडची असेल तर झिओलाइटसाठी ती वेगळी डोकेदुखी. अमोनिया निकेल-झिंकला कवटाळून बसतो, त्यामुळे ते पीएच वाढवूनही नीट खाली बसत नाहीत. वर अमोनियम आयन झिओलाइटला निकेलपेक्षा कितीतरी जास्त आवडतो, त्यामुळे बेडमधल्या जागा तोच पटकावतो. डीग्रीझरमधलं ईडीटीए, ग्लुकोनेट यांनीही असाच घोळ होतो; धातू त्यांच्या मिठीत ऋण भाराचा होतो आणि दगडाजवळून सरळ निघून जातो. तुमच्या बाथच्या, म्हणजे प्लेटिंगच्या टाकीतल्या द्रावणाच्या, ॲडिटिव्हची माहितीपत्रकं मागवून घ्या. पोटॅशियम क्लोराइडचा बाथ असला तर निवळणं सोपं होतं, पण पोटॅशियमही झिओलाइटचा लाडका आहे, तेव्हा झिंकचं पाणी बेडकडे न वळवता वेगळंच निवळून सोडावं असं माझं मत.

कडक पाणी विसरू नका. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यात लिटरला १०० मिलिग्रॅम कॅल्शियम सहज असतं. भाराच्या हिशेबाने ते २ मिलिग्रॅम निकेलच्या सत्तरपट होतं. कॅल्शियमला दगड फार आवडीने घेत नाही हे खरं, पण सत्तर गिऱ्हाइकांची गर्दी दारात असली की एकट्याला आत जाणं अवघडच. म्हणून चाचणी नेहमी तुमच्याच पाण्यावर करायची. डिस्टिल्ड पाण्यात निकेल सल्फेट घालून केलेली चाचणी मला दाखवू नका.

आता मामांच्या दगडाकडे येतो. सह्याद्रीचा पाषाण झिओलाइटसाठी जगात नावाजलेला आहे हे खरंच. बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडला, तेव्हापासून इथले स्फटिक युरोपच्या संग्रहालयांत गेले. जळगाव, नाशिक, पुणे, छत्रपती संभाजीनगरकडच्या खाणींत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट आजही निघतात. पण ते निघतात लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांनी सोडलेल्या पोकळ्यांत, मुठीमुठीने, आणि त्याच पोकळीत कॅल्साइट, गारगोटी, अपोफिलाइटही असतात. अपोफिलाइट दिसायला देखणं, पण ते झिओलाइटच नाही. तुर्कस्तान, स्लोव्हाकिया किंवा अमेरिकेत क्लिनोप्टिलोलाइट मिळतो तो ज्वालामुखीच्या राखेचे थरच्या थर बदलून झालेला. टनाने खणला तरी प्रत एकसारखी राहते. तुमच्या क्रशरमधून जे बाहेर पडेल ते बहुतांशी काळ्या दगडाची खडी असेल, त्यात मूठभर झिओलाइट. आपला ह्यूलँडाइट क्लिनोप्टिलोलाइटचा सख्खा भाऊ आहे, जाळी तीच, फक्त सिलिकॉन कमी. शुद्ध मिळाला तर त्याने काम होईल. पण बेडला लागतो तेवढा शुद्ध मिळत नाही, हीच अडचण आहे.

यात एक फसवणूक नकळत होते. एकदा एका युनिटवाल्याने असाच खाणीतला चुरा आणून बरणीत निकेलच्या पाण्यात टाकला, हलवला, आणि पाण्याचा हिरवा रंग गेला म्हणून आनंदाने मला फोन केला. मी जाऊन पीएच बघितला तर ५ चा ८.५ च्या वर गेलेला. चुऱ्यावर लिंबू पिळलं तर फेस आला. आत भरपूर कॅल्साइट होतं, आणि काही झिओलाइटही पाण्यातला हायड्रोजन आयन घेऊन पीएच चढवतो. निकेल दगडात शिरलंच नव्हतं, बरणीच्या तळाशी हायड्रॉक्साइड होऊन बसलं होतं. मी त्यात पीएच ५ होईपर्यंत ॲसिडचे थेंब टाकले आणि पाणी त्याच्यासमोर परत हिरवं झालं. म्हणून बरणीच्या चाचणीत आधी आणि नंतर पीएच लिहून ठेवा, आणि दगडाशिवाय नुसता तेवढाच पीएच वाढवलेली एक बरणी शेजारी ठेवा.

त्याहून वाईट दिवसही पाहिलाय. दुसऱ्या एका ठिकाणी बेड अडीच महिने सुरेख चालला, रीडिंग १ च्या खाली. एका शनिवारी संध्याकाळी पिकलिंगचं, म्हणजे जॉबचा गंज काढायचं, जुनं ॲसिड कुणीतरी चुकीच्या गटारात सोडलं आणि ते थेट बेडमधून गेलं. हायड्रोजन आयनांच्या लोंढ्याने बेडने अडीच महिने साठवलेलं निकेल एका दमात बाहेर ढकललं. सोमवारी कलेक्शन टँकचं पाणी पोपटी होतं. मालकाचा पहिला प्रश्न होता, "दगड खराब निघाला का?" दगड ठीक होता. बेडच्या आधी पीएच मीटर आणि आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह नव्हता, आणि तो बसवायला मी जोर धरला नव्हता. तेव्हापासून त्याशिवाय मी बेड चालू करू देत नाही.

बेड बसवणारच असाल तर विकतचा क्लिनोप्टिलोलाइट घ्या, अर्धा ते एक मिलिमीटरचा दाणा. कोळंबीच्या तळ्यांसाठी 'झिओलाइट' म्हणून पावडर मिळते ती नको. तिच्यात काय असतं याचा भरवसा नाही आणि पावडरने बेड चोंदतो. विक्रेत्याकडून एक्सआरडी रिपोर्ट मागा; दगडात कोणती खनिजं आहेत ते त्यात कळतं. दाणा आधी पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. मग दहा टक्के साध्या मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवा आणि परत धुवा. त्याने आतल्या जागा सोडियमच्या होतात आणि सोडियम सहज जागा सोडतं, त्यामुळे निकेलची पकड नजरेत भरण्याइतकी सुधारते. एक मोठा बेड करण्यापेक्षा दोन छोटे एकामागे एक लावा, पाण्याला एकूण पंधरा मिनिटं तरी मिळू द्या. पहिला भरला की दुसऱ्याला पुढे आणायचं आणि ताजा मागे लावायचा.

पहिला भरला हे कसं कळणार? लॅबचा रिपोर्ट चार दिवसांनी येतो, तोवर उशीर झालेला असतो. त्यासाठी डीएमजी, म्हणजे डायमिथिलग्लायॉक्सिमची बाटली आणा. परीक्षानळीत थोडं पाणी, अमोनियाचे दोन थेंब, मग डीएमजीचे दोन थेंब. निकेल असेल तर गुलाबी ते लाल साका धरतो. पहिल्या बेडच्या पुढे रोज सकाळी एकदा करायचं. ज्या दिवशी पाण्यात गुलाबी छटा दिसली त्या दिवशी बदलायचा. षट्संयुजी क्रोमसाठी डायफिनाइलकार्बाझाइड आहे, त्याने जांभळा रंग येतो. दोन बाटल्या आणि एक वही, एवढ्यावर माझी निम्मी युनिट्स चालतात.

भरलेल्या दगडाचं काय करायचं ते बेड घेण्याआधी ठरवा. मिठाच्या पाण्याने तो परत काही प्रमाणात मोकळा होतो, पण मग ते निकेलचं खारं पाणी तुम्हालाच निवळावं लागतं आणि त्यातलं मीठ टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, वाढवतं. छोट्या युनिटने या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दोन महिन्यांचे ३०० किलो सरळ ईटीपीच्या गाळाबरोबर घातक कचरा म्हणून अधिकृत ठिकाणी पाठवा. आपल्याकडे रांजणगाव, तळोजा, बुटीबोरीला ती सोय आहे. ९० दिवसांपेक्षा जास्त साठवू नका आणि मॅनिफेस्टची, म्हणजे कचरा पाठवल्याच्या कागदाची, प्रत जपून ठेवा. तो दगड कुंपणाच्या भरावात, रस्त्याच्या खड्ड्यात किंवा शेतात टाकू नका. पाऊस आणि मातीतलं आम्ल दोन्ही मिळून निकेल हळूहळू विहिरीपर्यंत नेतात.

या सगळ्याच्या आधी करण्याजोगी एक गोष्ट, आणि तिला खर्च जवळपास नाही. निकेलचा बाथ ५५-६० अंशांवर चालतो, रोज त्याचं पाणी वाफ होऊन कमी होतं. बाथनंतर लगेच एक स्थिर पाण्याचा टब ठेवा आणि बाथ भरायला नळाच्या पाण्याऐवजी तेच पाणी गाळून वापरा. जॉब बाथमधून उचलल्यावर दहा-पंधरा सेकंद वरच निथळू द्या. अशा ठिकाणी मी ४० चा आकडा १५ वर आलेला पाहिलाय, आणि ते निकेल कचऱ्यात न जाता बाथमध्ये परत गेलं.

दुसरी खनिजंही थोडक्यात. बेंटोनाइट आणि आपली काळी माती यांतल्या मॉन्टमोरिलोनाइटमध्ये अदलाबदलीची ताकद चांगली असते, पण पाण्यात ती फुगते; बेडमध्ये भरली तर पाणी पुढेच जात नाही. ढवळायच्या टाकीत, थोडी फ्लॉक, म्हणजे गाळाचे पुंजके, बसवायला, ठीक. कोकणातला जांभा वेगळ्या गुणाचा आहे. त्यातल्या लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडला आर्सेनेटसारखे ऋण भाराचे आयन चिकटतात, म्हणून पश्चिम बंगालमध्ये आर्सेनिकच्या फिल्टरसाठी जांभ्यावर काम झालंय. तुमच्या निकेलला त्याचा उपयोग नाही.

आता घरचं बोअर. पिण्याच्या पाण्यात निकेलची मर्यादा ०.०२ मिलिग्रॅम आहे, शिशाची ०.०१, कॅडमियमची ०.००३. या आकड्यांना डीएमजी पुरत नाही, डोळा आणि चवही पुरत नाहीत. आधी मान्यताप्राप्त लॅबकडून जड धातूंची पूर्ण तपासणी करा. नमुना त्यांनी दिलेल्या, आत ॲसिड घातलेल्या बाटलीतच घ्या, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून आकडा खोटा कमी येतो. काही निघालं तर ते पाणी पिणं त्याच दिवशी थांबवा आणि रिपोर्ट मला पाठवा, धातू पाहून पुढचं ठरवू. माहीत नसलेल्या धातूवर माहीत नसलेला दगड लावून पोरांना पाणी पाजू नका.

आणि मामांना सांगा, ते स्फटिक कोरडे दळू नका. सुईसारख्या तंतूंचे काही झिओलाइट फुप्फुसाला धोक्याचे असतात. तुर्कस्तानच्या कप्पाडोकियात एरिओनाइट नावाच्या तंतुमय झिओलाइटमुळे गावंच्या गावं मेसोथेलिओमाने, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाने, हैराण झालीत. खाणीत काम करणाऱ्या माणसांना मास्क आणि फवाऱ्याचं पाणी हवंच. चांगले घोस निघाले तर सुतळीत न गुंडाळता कापसात ठेवा. त्यांना संग्राहकांकडून जी किंमत मिळते त्यात तुमचा महिन्याचा विकतचा क्लिनोप्टिलोलाइट निघेल.